एक सेमिस्टर परदेशात : विमानात बसण्याआधी क्रेडिटचा हिशेब कसा मिटवायचा

पुण्यात ‘बाहेर शिकायला जायचंय’ असं कुणी म्हटलं की समोरचा गृहीत धरतो, पदवी झाली, आता एमएसला चालला. दुसरा एक रस्ता आहे, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. प्रवेश इथल्याच कॉलेजात, फी इथेच भरायची, एक सेमिस्टर परदेशातल्या विद्यापीठात शिकायचं, परत यायचं आणि तिथले गुण इथल्या मार्कशीटवर चढवून घ्यायचे. याला स्टुडंट एक्स्चेंज म्हणतात. फर्ग्युसन रस्त्यावर किंवा जंगली महाराज रस्त्यावर जे कन्सल्टंट बसतात, त्यांच्याकडे याची माहिती सहसा मिळत नाही. त्यात त्यांची चूक नाही. त्यांचं बरंचसं उत्पन्न पूर्ण पदवीच्या प्रवेशावर परदेशी विद्यापीठाकडून मिळणाऱ्या कमिशनचं असतं, आणि एक्स्चेंजमध्ये कमिशन नसतं. ही माहिती कॉलेजच्याच आंतरराष्ट्रीय विभागात मिळते, आणि तिथे नीट प्रश्न विचारले तरच मिळते.

क्रेडिट म्हणजे विषय शिकायला लागणाऱ्या तासांवरून ठरलेलं त्याचं वजन. या प्रकारात व्हिसाने घोळ होण्यापेक्षा क्रेडिटने घोळ झालेली उदाहरणं जास्त सापडतात. मुलगा किंवा मुलगी सहा महिने शिकून, पास होऊन परत येते आणि परीक्षा विभाग सांगतो, हे विषय आमच्याकडे बसत नाहीत, पुढच्या वर्षी पेपर द्या. हे टाळता येतं, पण जाण्याआधीच.

आधी प्रकार वेगळे करून घ्या

एक्स्चेंजमध्ये दोन विद्यापीठांचा करार असतो. तुम्ही तिथली ट्यूशन फी भरत नाही, तिथून येणारे विद्यार्थी इथली भरत नाहीत. राहणं, जेवण, विमान आणि विमा मात्र ज्याचा त्याने बघायचा. ‘स्टडी अब्रॉड’ सेमिस्टर किंवा ‘फ्री मूव्हर’ म्हणजे करार नसताना, तिथली फी भरून जाणं. यात जागा सहज मिळते, पण पैसे दोन्हीकडे जातात. समर स्कूल दोन ते सहा आठवड्यांचं असतं, त्याचे क्रेडिट मिळाले तर वरकमाई समजा. संशोधन इंटर्नशिप हा निराळाच प्रकार. कॅनडाची मायटॅक्स ग्लोबलिंक १२ आठवड्यांची असते. फ्रान्सची शार्पाक शिष्यवृत्ती लॅबमधल्या कामासाठीही मिळते आणि एक्स्चेंजसाठीही.

ट्विनिंग, जॉइंट डिग्री आणि ड्युअल डिग्री ही तीन नावं माहितीपत्रकांत सर्रास एकमेकांच्या जागी छापली जातात. त्यांचे नियम यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मे २०२२ मध्ये अधिसूचित केले. ट्विनिंगमध्ये पदवी भारतीय संस्थेचीच असते आणि परदेशात जास्तीत जास्त ३० टक्के क्रेडिट घेता येतात. जॉइंट डिग्रीत दोन्ही संस्थांकडून प्रत्येकी किमान ३० टक्के क्रेडिट घ्यावे लागतात आणि पदवीपत्र एकच मिळतं. ड्युअलमध्ये दोन संस्था वेगवेगळ्या पदव्या देतात, भारतीय संस्थेत किमान ३० टक्के क्रेडिट पूर्ण करावे लागतात. भारतीय संस्थेला नॅकचा (संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेचा) किमान ३.०१ गुणांक, एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या विद्यापीठ यादीत पहिल्या शंभरात स्थान, किंवा ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’ हा दर्जा, यांपैकी एक तरी हवं. परदेशी संस्था टाइम्स किंवा क्यूएस क्रमवारीत पहिल्या हजारात हवी. ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने यातलं काहीही चालत नाही. ‘दोन वर्षं ऑनलाइन, एक वर्ष तिकडे, ड्युअल डिग्री’ अशी जाहिरात दिसली तर हा मुद्दा आधी विचारा.

इरास्मस या युरोपीय संघाच्या योजनेचाही असाच गोंधळ होतो. इरास्मस मुंडुस ही किमान दोन देशांत शिकायची पूर्ण मास्टर्स पदवी आहे, आणि तिची शिष्यवृत्ती महिना १४०० युरो आहे. तिला विद्यार्थी स्वतः अर्ज करतो. पण ‘इरास्मस प्लस’ मधून मिळणारं एका सेमिस्टरचं अर्थसाहाय्य युरोपातलं विद्यापीठ तुमच्या संस्थेबरोबर मिळून मागतं. तुमच्या संस्थेचा त्या विद्यापीठाशी असा करार असेल, तरच तुमच्यासाठी तिथे जागा असते. घरबसल्या ब्रुसेल्सला (युरोपीय संघाकडे) अर्ज टाकून काही होत नाही.

करार आहे, पण जिवंत आहे का?

‘आमचे पन्नास परदेशी विद्यापीठांशी सामंजस्य करार आहेत’ हे वाक्य ऐकून भाळू नये. साधा सामंजस्य करार म्हणजे ‘आपण एकत्र काम करू’ एवढीच इच्छा. विद्यार्थी पाठवायचे असतील तर त्याला जोडून स्टुडंट एक्स्चेंजचा वेगळा करार किंवा परिशिष्ट लागतं. त्यात जागा, विभाग, फी माफी आणि मुदत लिहिलेली असते. म्हणून आंतरराष्ट्रीय विभागात चार गोष्टी विचाराव्यात : या विद्यापीठाशी एक्स्चेंजचं परिशिष्ट आहे का, आमच्या विभागाला लागू आहे का, वर्षाला जागा किती आणि गेल्या दोन वर्षांत कुणी गेलं होतं का. शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगाचा. कुणी गेलं असेल तर त्या विद्यार्थ्याचं क्रेडिट रूपांतर कागदावर झालेलं असतं आणि तुम्हाला पूर्वदाखला मिळतो. कार्यालयात पूर्वदाखल्याइतकं वजन दुसऱ्या कशालाच नसतं.

जागांचा हिशेब भिशीसारखा चालतो : तिकडून दोन आले तर इकडून दोन जाणार. पुण्यातून जाणाऱ्यांची रांग लांब आणि येणारे कमी, हे अनेक ठिकाणचं दुखणं आहे. शहराला परदेशी विद्यार्थी नवे आहेत असं मात्र नाही. सिम्बायोसिसची सुरुवातच १९७१ मध्ये शां. ब. मुजुमदार यांनी परदेशी विद्यार्थ्यांना आधार मिळावा म्हणून केली. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे मराठी आणि संस्कृतचे वर्ग पुण्यात भरत आले आहेत. पण भाषा शिकायला आलेला विद्यार्थी तुमच्या संगणक विभागाच्या खात्यात जमा होत नाही. म्हणून काही संस्था येणाऱ्यांसाठी छोटे अभ्यासक्रम मुद्दाम बांधतात. तसे तुमच्या विभागात असतील तर जागा सुटण्याची शक्यता वाढते.

आता पुण्यातली खास अडचण. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात तुम्ही शिकत असाल तर अभ्यासक्रम, परीक्षा आणि मार्कशीट विद्यापीठाची. परदेशातले क्रेडिट मान्य करण्याचा अधिकार कॉलेजच्या प्राचार्यांना नसतो, त्यासाठी विद्यापीठाकडून लेखी मान्यता लागते. स्वायत्त कॉलेजात अभ्यास मंडळ आणि विद्या परिषद कॉलेजची स्वतःची असते. तिथे निर्णय आत होतो, पदवी विद्यापीठाची राहते. खासगी किंवा अभिमत विद्यापीठात सगळंच एका छताखाली असल्याने हे काम सर्वांत लवकर होतं. संलग्न कॉलेजमधून जाणं अशक्य नाही, पण मान्यतेची फाईल कुठल्या टेबलावर आहे याचा पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल, आणि त्याला तीन-चार महिने सहज लागू शकतात.

कोणत्या सेमिस्टरला जावं

कॅलेंडर जुळणं हा पहिला अडथळा. आपलं विषम सत्र जून-जुलैत सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरात संपतं, सम सत्र डिसेंबर-जानेवारी ते मे. अमेरिकेचं फॉल सेमिस्टर ऑगस्टअखेर ते डिसेंबरचा मध्य, म्हणजे आपल्या विषम सत्राशी बरंच जुळतं. फ्रान्स आणि नेदरलँड्समध्ये सप्टेंबर ते डिसेंबर-जानेवारी. ऑस्ट्रेलियाचं दुसरं सत्र जुलै ते नोव्हेंबर असतं, जवळजवळ आपलंच.

गोची जर्मनीत होते. तिथल्या विद्यापीठांचं हिवाळी सत्र कागदावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असतं. तासिका ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, परीक्षा त्यानंतर. तुम्ही पाचव्या सेमिस्टरच्या जागी गेलात तर परत येईपर्यंत सहावं अर्धं संपलेलं असतं. उन्हाळी सत्राच्या तासिका एप्रिलमध्ये सुरू होतात, तेव्हा इथे परीक्षा डोक्यावर असतात. यातून दोन वाटा आहेत. एक, ‘होखशूले’ प्रकारच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठांत हिवाळी सत्र १ सप्टेंबरला आणि उन्हाळी १ मार्चला सुरू होतं, ते थोडं बरं बसतं. दोन, पूर्ण वर्षासाठी जाणं. अधलंमधलं काही करून ‘परत आल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांचं वर्ष वाया जातं.

इंजिनिअरिंगवाल्यांनी सातवं सेमिस्टर टाळावं. कॅम्पस प्लेसमेंटच्या कंपन्या जुलै-ऑगस्टपासून यायला लागतात आणि सगळ्याच कंपन्या ऑनलाइन मुलाखत घेत नाहीत. पाचवं सेमिस्टर सर्वांत सोयीचं : पहिल्या दोन वर्षांचे गुण हातात असतात आणि काही अडलं तर निस्तरायला तीन सेमिस्टर शिल्लक असतात. बॅकलॉग (राहिलेले विषय) असेल तर नामांकनातच, म्हणजे संस्था परदेशी विद्यापीठाला जी नावं कळवते त्यातूनच, नाव वगळलं जातं. शिवाय, परदेशात असताना इथली एटीकेटीची परीक्षा द्यायला कोण येणार?

क्रेडिटचं गणित

इथे घाई करू नका, सगळं यावरच अवलंबून आहे.

आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार वर्षाला १२०० तासांचं शिकणं म्हणजे ४० क्रेडिट. एका क्रेडिटला ३० तास, एका सेमिस्टरला २० क्रेडिट. युरोपात ईसीटीएस ही समाईक क्रेडिट पद्धत आहे : वर्षाला ६० ईसीटीएस क्रेडिट, सेमिस्टरला ३०, आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचं काम. म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास. यात वर्गातल्या तासांबरोबर घरचा अभ्यास, प्रकल्प, परीक्षेची तयारी असं सगळं धरलेलं आहे.

आता दोन प्रकारे हिशेब होतो आणि उत्तरं वेगळी येतात. वर्षाला वर्ष लावलं तर ६० भागिले ४०, म्हणजे आपला १ क्रेडिट बरोबर दीड ईसीटीएस. तासाला तास लावले तर आपला ४ क्रेडिटचा विषय १२० तासांचा, म्हणजे ४ ते ४.८ ईसीटीएस पुरे. पहिल्या हिशेबाने त्याच विषयाला ६ लागतात. तुमची संस्था कुठला हिशेब धरते हे जाण्याआधी लेखी मिळवा. बहुतेकदा दीडपट धरली जाते. काही ठिकाणी सरळ दुप्पट मागतात. ते विद्यार्थ्यावर अन्यायाचं आहे, पण नियमात लिहिलेलं असेल तर परत आल्यावर भांडून उपयोग नाही.

एक उदाहरण घेऊ. पाचव्या सेमिस्टरला ४ क्रेडिटचे चार विषय आणि २ क्रेडिटचे दोन, एकूण २०. दीडपटीने ३० ईसीटीएस लागणार. तिकडच्या विद्यापीठात प्रत्येक कोर्स ५ ईसीटीएसचा आहे. विद्यार्थी सहा कोर्स घेतो, बेरीज बरोबर ३०, खूश होऊन जातो. परत आल्यावर विषयवार जुळवणी सुरू होते : ५ भागिले दीड म्हणजे ३.३३ क्रेडिट. चार क्रेडिटच्या विषयासाठी तो कोर्स ०.६७ ने कमी पडतो. चारही मोठ्या विषयांना कमी, आणि दोन छोट्या विषयांत प्रत्येकी १.३३ जास्त. एकूण बेरीज अचूक, तरी चार विषय ‘अपूर्ण’. घोळ होतो तो इथेच.

यावर उपाय दोन. पहिला : जुळवणी विषयाला विषय न करता गटाला गट करावी. मुख्य विषयांचे सगळे क्रेडिट एका गटात, ऐच्छिक विषयांचे दुसऱ्या, आणि गटाची बेरीज जमली की पुरे, असं अभ्यास मंडळाकडून मंजूर करून घ्यायचं. दुसरा : एका मोठ्या विषयासमोर दीड-दोन कोर्स मांडायचे, म्हणजे कमी पडणारा भाग छोट्या कोर्सने किंवा प्रकल्पाने भरून निघतो. पहिला उपाय सुटसुटीत आहे, आणि विभागप्रमुख समंजस असतील तर होतो.

आशयाची जुळणी हा वेगळा भाग. साधारणपणे ६०-७० टक्के अभ्यासक्रम जुळावा अशी अपेक्षा असते. त्यासाठी कोर्सचं नुसतं नाव देऊ नका. तिथल्या संकेतस्थळावरून मॉड्यूलचं पूर्ण वर्णन उतरवून घ्या : घटक, तासांची विभागणी, परीक्षेची पद्धत, पूर्वअट. शेजारच्या रकान्यात आपल्या विषयाचे घटक लिहा. हा तक्ता तुम्हीच करून दिलात तर विभागातले सर आणि मॅडम तो तपासून सही करतात. ‘तुम्हीच बघा ना सर’ म्हटलंत तर कागद पडून राहतो. जे विषय आपल्याकडे सक्तीचे आहेत आणि जगात इतरत्र कुठेच त्या रूपात नाहीत, ते आधी किंवा नंतरच्या सेमिस्टरला हलवता येतील का, की स्वयम् या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरून करता येतील, हेही याच वेळी ठरवावं. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयम् च्या कोर्समधून घेता येतात, संस्थेने मान्यता दिली असेल तर.

हे सगळं ज्या कागदावर उतरतं त्याला लर्निंग ॲग्रीमेंट म्हणतात. त्यावर विद्यार्थी, इथली संस्था आणि तिथली संस्था अशा तीन सह्या हव्यात. दोन सह्यांचा कागद म्हणजे रद्दी.

गुणांचं रूपांतर

क्रेडिट जुळले तरी ग्रेड उरतातच. जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० नापास. आपले गुण त्यांच्या पद्धतीत नेण्यासाठी ‘बव्हेरियन सूत्र’ वापरतात : कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण यांतल्या फरकाने भागायचं, ३ ने गुणायचं आणि १ मिळवायचा. दहाच्या मोजपट्टीवर ८.२ असतील आणि पास ४ ला असेल तर १.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १. उत्तर १.९. परत येताना हेच उलटं करायचं : जर्मनीत २.३ मिळाले तर इथे ७.४, आणि १.७ मिळाले तर ८.६.

फ्रान्समध्ये २० पैकी गुण देतात आणि १० ला पास. तिथे १४ म्हणजे फार चांगले, १६ च्या वर क्वचित कुणी जातं. इथल्या कारकुनाने सरळ त्रैराशिक मांडलं की १४ चे ७.० होतात. पासाला पास (तिथले १० म्हणजे इथले ४) धरून मोजलं तर आणखी खाली, ६.४. वर्गात वरच्या दहा टक्क्यांत असलेल्या मुलीच्या मार्कशीटवर असा आकडा चढतो आणि तिचा सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरांची सरासरी) घसरतो. नेदरलँड्समध्येही तेच : ५.५ ला पास आणि नऊ-दहा जवळजवळ कुणालाच नाहीत.

याला योग्य पद्धत ईसीटीएसच्या मार्गदर्शिकेतच दिलेली आहे. यजमान विद्यापीठ ग्रेड वितरण तक्ता देतं, म्हणजे कोणत्या गुणांपर्यंत किती टक्के विद्यार्थी पोचतात याचा तक्ता. तिथे १४ च्या वर दहा टक्केच जात असतील, तर इथल्या वरच्या दहा टक्क्यांना जी ग्रेड मिळते ती द्यायची. हा तक्ता मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणून मागा. काही संस्था ग्रेड आणतच नाहीत, फक्त ‘क्रेडिट प्राप्त’ असं लिहून सीजीपीए उरलेल्या सेमिस्टरांवर काढतात. आमच्या मते बहुतेकांसाठी हाच सुखाचा मार्ग. पण तुमचा सीजीपीए वाढवण्यासाठी जायचा बेत असेल तर अर्थात नाही.

वेळापत्रक आणि कागद

सप्टेंबरच्या सत्रासाठी जायचं तर आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून हालचाल हवी. अंतर्गत निवड बहुधा नोव्हेंबर ते जानेवारीत होते. त्यानंतर तुमची संस्था यजमानाला नामांकन पाठवते, बहुतेक ठिकाणी मार्च-एप्रिलपर्यंत. नामांकन संस्थाच पाठवू शकते. ते गेल्यावर तुम्हाला अर्जाची लिंक येते आणि मग तुमचा अर्ज. नामांकन म्हणजे प्रवेश नाही, हे लक्षात ठेवा : प्रवेशपत्र हातात येईपर्यंत तिकीट काढू नका.

कागदांत पासपोर्ट, आतापर्यंतचं ट्रान्स्क्रिप्ट (विषयवार गुणांचा अधिकृत तक्ता), बोनाफाईड, संस्थेची एनओसी, उद्दिष्टपत्र, एक-दोन शिफारसपत्रं. इंग्रजीसाठी आयईएलटीएस किंवा टोफेल मागतात, पण एक्स्चेंजमध्ये पुष्कळदा ‘शिक्षणाचं माध्यम इंग्रजी’ असं संस्थेचं पत्र चालतं. परीक्षेची फी हजारांत जाते, म्हणून आधी विचारून मगच भरा. पासपोर्ट नसेल तर ३६ पानांच्या साध्या पुस्तिकेला १५०० रुपये, तत्काळला वर २००० रुपये लागतात. पुण्याचं सेवा केंद्र मुंढव्याला आहे. पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान सहा महिने उरेल अशी हवी.

भाषेचं थोडं आधीच बघा. शिकवणं इंग्रजीत असलं तरी वसतिगृहाचा करार, दवाखाना आणि नगरपालिकेचं कार्यालय तिथल्या भाषेत चालतं. पुण्यात त्याची सोय चांगली आहे. बोट क्लब रोडच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन आहे, आणि विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. ए१ ही सुरुवातीची पातळी झाली तरी बराच फरक पडतो.

पैसे

‘फी माफ’ या शब्दांनी अनेक घरांत खर्चाचा अंदाज चुकतो. जर्मनीत सहा महिन्यांसाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरलेली रक्कमच काढता येते अशा खात्यात) महिना ९९२ युरोप्रमाणे ५९५२ युरो दाखवावे लागतात. युरो शंभर रुपयांना धरला तरी सहा लाखांच्या जवळपास. ही रक्कम खर्च होणारच असं नाही, पण व्हिसाआधी उभी करावी लागते. फ्रान्समध्ये महिना ६१५ युरो दाखवावे लागतात, पण पॅरिसमध्ये त्यात भागत नाही. याखेरीज विमान, विमा, सेमिस्टर शुल्क आणि इथली फी. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत तशीही फी नसते, मग एक्स्चेंजने काय मिळालं असं कुणी विचारेल. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो भरावे लागतात, ते एक्स्चेंजवाल्यांना माफ असतात. आणि प्रवेशाची रांग टळते, हा खरा फायदा.

अडचण बहुतेक रोख रकमेची येते. ब्लॉक्ड अकाउंटमधून पैसे महिन्याला ९९२ च सुटतात, आणि खोली मिळताना दोन-तीन महिन्यांचं भाडं अनामत म्हणून एकदम द्यावं लागतं. म्हणून पहिल्या महिन्यासाठी वेगळे दीड-दोन हजार युरो फॉरेक्स कार्डवर असू द्या. खोली न बघता अनामत मागणारा घरमालक भेटला तर तो बहुधा घरमालक नसतोच. विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र आल्या दिवशीच टाका.

परदेशात पैसे पाठवताना बँकेत ‘शिक्षण’ हाच हेतू लिहा. १ एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस (पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते तो कर) कापला जात नाही, आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तर नाहीच. कापला गेला तरी तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. महाडीबीटीची शिष्यवृत्ती मिळत असेल तर सहा महिन्यांच्या हजेरीचं काय, हे समाजकल्याण किंवा संबंधित विभागाला विचारून उत्तर लेखी ठेवा. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पूर्ण पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी आहे, एका सेमिस्टरसाठी तिचा उपयोग नाही.

व्हिसा आणि तिथले पहिले आठवडे

शेंगेनचा (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा) ९० दिवसांचा व्हिसा सेमिस्टरला पुरत नाही, त्या देशाचा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या व्हीएफएसचं केंद्र पुण्यात आहे, पण सगळ्या देशांचे अर्ज तिथे घेत नाहीत. अमेरिकेची मुलाखत मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात. अमेरिकेसाठी एक्स्चेंजवाल्यांना बहुधा जे-१ व्हिसा असतो, एफ-१ नाही. त्यासाठी यजमान विद्यापीठाकडून डीएस-२०१९ हा फॉर्म येतो आणि सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची) फी २२० डॉलर भरावी लागते. सल्लागाराने सवयीने आय-२० (एफ-१ साठीचा फॉर्म) मागितला तर त्याला थांबवा.

जर्मनीत खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते. फ्रान्समध्ये दीर्घ मुदतीचा व्हिसा पोचल्यापासून तीन महिन्यांत ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो. हे विसरलं की पुढचे कागद अडतात.

आणि हमखास होणारी गोष्ट : ठरवलेल्या कोर्सपैकी एखादा रद्द होतो, भरलेला असतो किंवा त्या सत्रात फक्त स्थानिक भाषेत निघतो. म्हणून लर्निंग ॲग्रीमेंटमध्ये दोन पर्यायी कोर्स आधीच मंजूर करून ठेवा. बदल करावा लागला तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बदलाचा फॉर्म भरून इथल्या विभागाकडून ईमेलवर होकार घ्या. व्हॉट्सॲपवर सरांनी दिलेला अंगठा परीक्षा विभागात चालत नाही.

परत आल्यावर

इथला परीक्षा फॉर्म हा सगळ्यात छोटा आणि सगळ्यात दुर्लक्षित कागद. तुम्ही तिकडे असताना इथे त्या सेमिस्टरचे फॉर्म भरले जातात. तुमच्या पीआरएनसमोर (कायम नोंदणी क्रमांकासमोर) ‘एक्स्चेंजवर, क्रेडिट हस्तांतरण’ अशी नोंद नसेल तर निकालात ‘गैरहजर’ येतं, आणि मग ते बॅकलॉग म्हणून पुढे चालत राहतं. जाण्याआधी परीक्षा विभागाकडे अर्ज देऊन त्याची पोच घ्या.

यजमानाचं ट्रान्स्क्रिप्ट सत्र संपल्यावर चार ते आठ आठवड्यांनी येतं, जर्मनीतून कधी त्याहून उशिरा. तोपर्यंत इथे पुढच्या वर्षाचा प्रवेश सुरू झालेला असतो, म्हणून तात्पुरत्या प्रवेशाचं पत्र विभागाकडून आधीच घेऊन ठेवावं. ट्रान्स्क्रिप्ट यजमानाच्या कार्यालयाने थेट तुमच्या आंतरराष्ट्रीय विभागाला ईमेलने पाठवावं, असं निघण्यापूर्वी सांगून या. तुमच्या हातून आलेली पीडीएफ पडताळणीसाठी पुन्हा तिकडे जाते आणि महिना जातो. सोबत ग्रेड वितरण तक्ता, मूळ लर्निंग ॲग्रीमेंट आणि बदलाचा फॉर्म जोडा. क्रेडिट मान्य झाल्यावर संस्था ते अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (क्रेडिट साठवण्याच्या सरकारी ऑनलाइन खात्यात) तुमच्या १२ अंकी क्रमांकावर चढवते. डिजीलॉकर उघडून ते खरंच दिसतात का हे स्वतः बघा, विषयांची नावं आणि क्रेडिटचे आकडे तपासा. चूक असेल तर अंतिम वर्षाचा निकाल लागण्याआधीच दुरुस्तीचा अर्ज द्या, कारण एकदा एकत्रित मार्कशीट छापली की नवी छापून घेण्यासाठी पुन्हा फी, पुन्हा अर्ज आणि पुन्हा तीच खिडकी.